फोनआधी फेटा

वारंगा फाट्यावर माझं एसटीडी बूथ होतं, तेव्हाची गोष्ट. दर बाजारच्या दिवशी एक मेंढपाळ लेकीच्या सासरी फोन करायला यायचा. मेंढरं समोरच्या लिंबाखाली थांबवायची, माझ्या माठातल्या पाण्यानं तोंड धुवायचं, मिशा पुसायच्या आणि मग बूथच्या काचेत बघत निवांत फेटा बांधायचा. मागची रांग कावायची, पण त्याला घाई नसे. आत गेल्यावर व्याह्याला रामराम घालायचा, तोही कमरेत वाकून.

एकदा मी वैतागलो. "मामा, व्याह्याला तुमचा फेटा दिसून राहिला का? काहून सगळ्यांना तकलीफ?"

"लेकीचा बाप हाय मी, बोडक्यानं कसा बोलू?" तो म्हणाला. "आन् भाऊ, आज नुसता आवाज जाऊन राहिला. उद्या तोंडबी जाईल. तवा कुठं पळता फेटा हुडकायला?"

सगळी रांग हसली. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो.

परवा माझ्या व्याह्यांचा व्हिडिओ कॉल आला. गडबडीत मी तो उचलला आणि मग लक्षात आलं, आपण बनियनवर आहोत. मोबाइल तसाच गादीवर टाकून पळालो. शर्ट सापडेपर्यंत व्याही बिचारे आमचा पंखा बघत बसले.