कपबशी कोण विसळतं?

आमच्या बिल्डिंगीतली अठरा माणसं एकदा तीन आठवडे माझ्याशी बोलत नव्हती. चूक माझी नव्हती. हे मी तेव्हाही सांगत होते आणि आजही सांगते.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. आम्ही घाटकोपरला राहायचो. घरात मी, आमचे हे, सासूबाई आणि बिल्डिंगीतला एकमेव टीव्ही. काळा-पांढरा, लाकडी पेटीतला, पुढे दोन्ही बाजूंनी सरकणारं शटर. अशात दर बुधवारी संध्याकाळी एक नवी विनोदी मालिका लागायला लागली, ‘अडीच खोल्या, अकरा माणसं’. पहिल्या भागाला आमच्याकडे पाच जण आले. तिसऱ्या भागापासून अठरा! (मोजायला मला वेळ होता असं समजू नका. कप विसळताना आपोआप मोजले जायचे.)

मालिकेनं सगळ्यांना वेड लावलं होतं. त्यातला विसरभोळा आजोबा आला की तळमजल्यावरचे शिर्के काका “हा आपला माणूस!” म्हणून मांडीवर थाप मारायचे. शेजारच्या कांबळेबाई शाळेत शिकवायच्या. त्यांना त्यातली कडक आत्या आवडायची. आणि आमच्या सासूबाईंना आवडायची सून, मालती. अकरा माणसांचं घर, पण ही कायम हसतमुख! केसांत ताजा गजरा, साडीला सुरकुती नाही.

“बघ गो,” सासूबाई स्वयंपाकघराच्या दिशेनं ओरडायच्या, “शीक कायतरी!”

मी ऑफिसातून पावणेसातला घरी यायचे. कुकर लावायचे, अठरा जणांचा चहा टाकायचे आणि मालिका दाराच्या फटीतून बघायचे. चौथ्या भागाला मी म्हटलं, “पण हिच्या घरी कपबशी कोण विसळतं? एकदा तरी दाखवलंय का?”

“शूऽऽ!” अठरा तोंडांनी एकदम केलं. एकोणिसावं आमच्या ह्यांचं.

बस्स! त्याच आठवड्यात मी लंच टायमात टीव्हीवरच्या प्रेक्षकांच्या पत्रांच्या कार्यक्रमाला पत्र पाठवलं. चांगलं दोन पानी. मालती खोटी आहे, हे मुद्देसूद लिहिलं. पुराव्यादाखल माझ्या घरची परिस्थितीही लिहिली. खाली नाव-पत्ता, आणि त्याखाली ठळक अक्षरांत ‘कृपया नाव छापू नये’. पत्रांचा कार्यक्रम रविवारी दुपारी लागायचा. तेव्हा आमच्या बिल्डिंगीत सगळे झोपलेले असायचे. धोका शून्य!

पण त्या रविवारी पत्रं फक्त ‘अडीच खोल्यां’वरची वाचणार, अशी टीव्हीवर आधीच घोषणा झाली. झालं! सासूबाईंनी गॅलरीत उभं राहून सगळ्या बिल्डिंगीला आमंत्रण दिलं. अठराच्या अठरा हजर. मी चहा केला.

चार पत्रं कौतुकाची झाली. मग निवेदक म्हणाला, “आता एक जरा वेगळं पत्र.” मी कपांचा ट्रे घेऊन दारातच थांबले.

“‘माझ्याकडे ही मालिका बघायला अठरा माणसं येतात,’” निवेदक वाचू लागला. “‘त्यांतले एक गृहस्थ तीन वेळा चहा घेतात आणि तिन्ही वेळा साखर कमी आहे म्हणतात.’”

शिर्के काका खो खो हसले. “असतात यार असले नग!” म्हणाले आणि तिसऱ्या कपाचा घोट घेतला.

“‘एक बाई विणकाम आणतात. त्यांचा लोकरीचा गुंडा माझ्या स्वयंपाकघरात गॅसपर्यंत फिरून येतो.’”

“कमाल आहे बाई!” कांबळेबाई म्हणाल्या आणि गुंडा ओढला. तो माझ्या पायाखालून गेला.

“कोण गं ही? अगदी खरं लिहिलंय!” कुणीतरी म्हणालं. आता मला आठवलं की पुढच्या ओळीत सासूबाई आहेत. मी ट्रे ठेवला आणि टीव्ही बंद करायला धावले. घाईत बटण फिरवलं ते आवाजाचं!

“‘माझ्या सासूबाई मालतीकडे बोट दाखवून शीक म्हणतात,’” निवेदक आता खालच्या रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असा गरजला. “‘त्या मालतीला एक बुधवार माझ्या घरी पाठवा. गजरा कुठं राहतो ते बघू!’”

मी शटर ओढलं. ते अर्ध्यावर अडकलं. निवेदकाचा एक कान आणि एक डोळा उरला, आवाज मात्र अख्खा.

“या पत्रलेखिकेनं नाव छापू नये अशी विनंती केली आहे,” तो गोड हसून म्हणाला. “आम्ही छापत नाही, फक्त वाचतो! सौ. सुलभा राणे, घाटकोपर.”

अठरा माणसं माझ्याकडे बघत होती आणि मी शटरला लटकले होते.

“ह्या तूच लिवलंस गो?” सासूबाईंनी विचारलं.

मी मनात म्हटलं, आता वाट लागलीच आहे, तर ताठ मानेनं लागू दे.

“हो, मीच लिहिलं. एक शब्द खोटा असेल तर सांगा!”

कांबळेबाईंनी गुंडा गोळा केला आणि निघाल्या. शिर्के काकांनी उरलेला चहा आधी संपवला, मग अपमानित होऊन गेले.

“घरातला भायर कशाक नेलंस?” सासूबाई एवढंच म्हणाल्या आणि माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या. रात्री जेवताना त्या ह्यांना सांगायच्या, “तिका सांग, आमटी वाढ.” मी शेजारीच बसलेली!

“अगं, निदान नाव तरी खोटं द्यायचंस,” हे म्हणाले.

“का? मजकूर खरा, मग नाव खोटं कशाला?” मी म्हटलं. माफी मागायचा प्रश्नच नव्हता. पण खरं सांगू? पुढच्या तीन बुधवारी रिकाम्या खोलीत आम्ही तिघंच मालिका बघत बसलो, तेव्हा कुणालाच हसू आलं नाही. सासूबाई तर भिंतीकडे तोंड करून बसायच्या. मला फार वाईट वाटलं. कप मात्र तीनच होते, हेही खरं.

तिसऱ्या रविवारी पत्रांच्या कार्यक्रमात आणखी एक पत्र आलं. घाटकोपरहूनच!

“‘सौ. राणे यांच्या पत्राचा आम्ही निषेध करतो. त्यांच्या घरच्या चहात साखर खरोखरच कमी असते. आपले नम्र, एकोणीस सह्या.’”

एकोणीस? मी बोटांवर मोजलं. अठराच येतात. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे पंख्याकडे बघत होते.

“शिर्के काकांनी जिन्यात कागद पुढे केला गं,” हे पुटपुटले. “मला वाटलं, पाण्याच्या टाकीचा अर्ज आहे!”

मी तोंड उघडणार, एवढ्यात भिंतीकडून आवाज आला.

“आमच्या चायेक नावां ठेवतत?”

सासूबाई उठल्या होत्या! तरातरा स्वयंपाकघरात गेल्या, स्वतः चहा केला, त्यात सहा चमचे साखर घातली आणि कप घेऊन जिना उतरल्या. मी मागोमाग. शिर्के काकांनी दार उघडलं.

“घेवा! आणि सांगा आता, साखर कमी आसा?”

आवाजानं दारं उघडली, सगळी बिल्डिंग जिन्यात जमली. शिर्के काकांनी घोट घेतला. त्यांचे डोळे मिटले ते बराच वेळ उघडेनात.

“झकास,” ते कसेबसे म्हणाले.

“मगे बुधवारी येवा सगळे. पण आपापलो कप घेवन! आणि जाताना विसळून. माझी सून थकून येता.” मग माझ्याकडे वळून, “आणि तू गो, परत माझ्यावर लिवलंस तर बघ!”

मी मान डोलावली. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते पदरानं पुसलं.

बुधवारी अठरा माणसं अठरा कप घेऊन आली. कांबळेबाईंनी गुंडा पिशवीत ठेवला होता. सगळं सुरळीत. आणि त्या भागात मालिकेत एक नवीन शेजारीण आली. नळावर, जिन्यात, जो भेटेल त्याच्याशी भांडणारी, वर हातात पेन घेऊन सगळीकडे तक्रारी लिहिणारी.

खोली हसून लोळली. शिर्के काका टीव्हीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बोट दाखवत होते.

“अरे, डिट्टो सुलभा!”

मी ताबडतोब उठून टीव्हीसमोर उभी राहिले. मी भांडखोर मुळीच नाही, हे त्या सगळ्यांना पटवून द्यायला मी एकेकाशी भांडले. उरलेला भाग कुणालाच दिसला नाही.