खो मिळेपर्यंत बसायचं

"आई, सर गेले," विकास फोनवर म्हणाला, आणि माझ्या तोंडून पहिलं काय निघावं? "तू कुठं आहेस? कोणावर हात तर नाही ना उचललास?" सोनवणे सरांसारखा देवमाणूस गेला आणि मी हे विचारलं! पण माझं पोर कसं होतं हे ज्यांना ठाऊक आहे, ते मला नावं ठेवणार नाहीत. नागापूरच्या रस्त्यावर सरांच्या सायकलला टेम्पोनं उडवलं होतं. टेम्पोवाला दवाखान्यातच होता, आणि सरांनी खो-खो शिकवलेली सगळी पोरं तिकडं निघाली होती. मी गॅस बंद केला, कणकेच्या हातानंच रिक्षा थांबवली. वाटभर एकच जप… देवा, आज माझ्या लेकाचा हात आवर.

मी एमआयडीसीतल्या कामगारांचे डबे करते. विकासचे वडील लवकर गेले. त्यांचा गरीब स्वभाव काही पोरात उतरला नाही, राग मात्र माझा आला, तोही व्याजासकट. मारामारीपायी शाळेतून काढलं. एकदा कुणाचं तरी डोकं फोडलं, तेव्हा चौकीत पाया पडून त्याला सोडवून आणलं. आज ना उद्या हा आत जाणार, असं गल्लीत उघड बोलायचे. सोनवणे सर तेव्हा नुकतेच पी.टी.चे शिक्षक म्हणून निवृत्त झालेले. कारखान्यांमागच्या पडीक जागेत दोन खांब रोवून ते अशाच ओवाळून टाकलेल्या पोरांना खो-खो शिकवायचे. विकासला तेच हाताला धरून घेऊन गेले.

एका संध्याकाळी बघायला गेले तर काय, माझं पोर उकिडवं बसलंय आणि बाकीची पोरं भोवती फिरून त्याला वाट्टेल ते चिडवतायत! सर आपले शांत उभे. माझं डोकंच फिरलं. डब्याची पिशवी उगारून मी मैदानात घुसले. "माझ्या लेकाची थट्टा लावलीय होय?"

सर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "ताई, तुमाला खो कुनी दिला?"

"आँ?"

"खो मिळाल्याबिगर उठायचं न्हाई, एवढाच आपला नियम हाय. पोरांनी चिडवलंय, खो न्हाई दिला. राग आला तर येऊ द्यावा, ताई. पर आपल्याला उठवायचा हक्क त्याला द्यायचा न्हाई. बसा तुमीपन."

आणि अहो, मी बसले! पदर खोचून, लेकाच्या शेजारी, खेळात बसतात तशी त्याच्या उलट तोंड करून. पोरं खीखी करत होती. गुडघे बोंबलायला लागले, पण उठले नाही. बऱ्याच वेळानं सरांनी पाठीला हात लावून "खो!" म्हटलं, तेव्हा मी कशावर चिडले होते तेच मला आठवेना.

पुढं विकास एका वर्कशॉपला लागला. तिथं फोरमननं सगळ्यांदेखत त्याला आईवरून शिवी दिली. विकासच्या हातात लोखंडी पाना होता. त्यानं पाना खाली ठेवला आणि लेथशेजारी उकिडवा बसला. फोरमनला वाटलं पोराच्या पोटात कळ आली, तोच पाणी घेऊन धावला! घरी येऊन विकास एवढंच म्हणाला, "आई, मी बसलो." मी हुलग्याची शेंगोळी केली, सरांना डबा धाडला. डबा घासून परत आला, वर निरोप… "ताई, तिखट लई हुतं. रागात केलं हुतं का?"

हे सगळं त्या दिवशी रिक्षात आठवत होतं. दवाखान्याच्या आवारात शिरले तर भिंतीशी तो टेम्पोवाला, विशी-बाविशीचा पोरगा, अंग चोरून बसलेला. सरांना त्यानंच उचलून आणलं होतं, शर्ट रक्तानं भिजला होता. समोर सरांची पोरं, सगळ्यांत पुढं माझा विकास. मुठी आवळलेल्या. त्याचा चेहरा मला ओळखू येईना.

आणि विकास खाली बसला. त्या पोराच्या आणि जमावाच्या मधोमध, उकिडवा.

"विक्या, ऊठ!" त्याचा दोस्त गोट्या ओरडला. "सरांना मारलंय त्यानं!"

विकास ओक्साबोक्शी रडत होता. "मला खो न्हाई मिळाला, गोट्या."

मग गोट्याही बसला, विकासच्या शेजारी, उलट तोंड करून. मग तिसरा, चौथा… सगळी रांग बसली. पोलीस आले आणि त्या पोराला नीट घेऊन गेले, तोवर एकही उठला नाही. माझा लेक त्या रात्री घरी जेवायला होता. सर, तुमचे उपकार मी कशानं फेडू?

आता संध्याकाळी खांबापाशी विकास उभा राहतो, नवी पोरं बसवतो. मला मात्र त्या टेम्पोवाल्याचा राग अजून येतो, खोटं कशाला सांगू? पोळ्या लाटता लाटता अचानक येतो. मग लाटणं ठेवते, तिथंच परातीशेजारी उकिडवी बसते… आणि पाठीला हात लागायची वाट बघते.