पिवळ्या बटणावरचा अंगठा

“अलार्म बंद होत नाही म्हणून बोलावलंय, आणि तुम्ही मलाच प्रश्न विचारताय?” वाशीतल्या एका नर्सिंग होमचे डॉक्टर वैतागले होते. पेजरवर त्यांचा मेसेज आला म्हणून मी बेलापूरच्या पीसीओवरून फोन लावला होता. व्हेंटिलेटर आमच्या कंपनीचा, सर्व्हिस इंजिनियर मी. “सेन्सर गेलाय. नवीन घेऊन या,” म्हणाले आणि फोन ठेवला.

दुपारी पोचलो. आयसीयू म्हणजे तीन पलंगांची खोली. एकटी सिस्टर दुसऱ्या पेशंटला सलाइन लावत होती. व्हेंटिलेटरवर मार्केटमधला एक माथाडी होता. कांद्याच्या गोण्यांची थप्पी छातीवर कोसळलेली. उशाशी स्टुलावर त्याचा थोरला भाऊ, साताऱ्याकडचा.

मशीन वाजलं. भावाने शांतपणे अंगठा पुढे केला आणि पिवळं बटण दाबलं. आवाज थांबला.

माझा डोळ्यांवर विश्वास बसेना. ते बटण फक्त आवाज बंद करतं, तोही दोन मिनिटं. वाजण्याचं कारण तसंच राहतं.

“दादा, हे काय करताय?”

“दम देतोय त्याला,” तो म्हणाला. “मशीनचा दम सरला की ते वरडतं. मग दाबायचं. सकाळधरनं उठलो न्हाई सायेब, पानी प्यायला बी न्हाई.”

डिस्प्लेवर ‘लो प्रेशर’ होतं. म्हणजे मशीन हवा सोडतंय, पण ती वाटेत कुठेतरी गळतेय. पेशंटची नखं निळसर पडली होती.

“सिस्टर, आधी इकडे या. अंबू बॅग घ्या.”

सिस्टर धावत आली. पाइप काढून हातातली रबरी पिशवी दाबत ती त्याला श्वास देऊ लागली. मी पाइप चाचपला. पाइपात जमणारं पाणी साठायला खाली एक छोटी वाटी असते. सकाळी पाणी ओतून टाकून ती परत लावताना आटे तिरके बसले होते. फटीतून हवा फुसफुसत होती. वाटी नीट बसवली, पाइप जोडला. अलार्म गप्प. सेन्सर ठणठणीत होता.

“यांना बटण कोणी दाखवलं?”

“मीच,” सिस्टर रडवेली झाली. “तिघांना मी एकटी, सर. वाजलं की दाबा, एवढंच म्हटलं.”

हळूहळू नखांचा रंग परतला. भाऊ माझ्याकडे बघत होता.

“सायेब, मंग मी दाबत हुतो, त्यानं काय हुत हुतं?”

अलार्मवर मी तासभर बोलू शकलो असतो. “आता दाबू नका. वाजलं की सिस्टरना हाक मारा,” एवढंच म्हणालो. त्याला कळलं. अंगठा मुठीत दाबून तो भिंतीला टेकून उभा राहिला. पुन्हा स्टुलावर बसला नाही.

पेशंट काही आठवड्यांनी चालत घरी गेला. त्या दिवशीच्या रिपोर्टमध्ये मी ‘सेन्सर ओके’ लिहिलं. मशीन बसवताना आम्ही डॉक्टरांना आणि सिस्टरना ट्रेनिंग द्यायचो. पलंगाशी दिवसभर कोण बसणार, हे तोवर मी एकदाही विचारलं नव्हतं.