वॉर्डात आलेली पऱ्हाटी

"हात वाचला. पण बोटं पूर्वीसारखी चालतील की नाही, ते आता आजींच्या व्यायामावर आहे," डॉक्टर मला म्हणाले. मला म्हणाले, हे लक्षात घ्या. ज्यांची बोटं, त्या माझ्या सासूबाई हातभर अंतरावर टक्क जाग्या पडल्या होत्या. त्यांच्याशी कोणी काही बोललंच नाही, आणि त्या वेळी मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

आम्ही राळेगावकडचे. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. माझ्या आत्याबाईंचं वय साठीपुढचं, पण कापूस वेचण्यात गावात त्यांचा हात धरणारं कोणी नाही. धुऱ्यावरचं, म्हणजे शेताच्या बांधावरचं, गवत कापताना त्यांच्या उजव्या हाताला घोणस चावली. आम्ही कापलं नाही, चोखलं नाही, करकचून बांधलंही नाही. मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसवून थेट राळेगावला नेलं, तिथून अँब्युलन्सने यवतमाळला. तुमच्यावर ही वेळ आली तर तुम्हीही एवढंच करा.

पहिली तपासणी साधी होती. काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं ठेवतात. ते गोठलं नाही, तर विष अंगात काम करतंय. आत्याबाईंचं रक्त नळीत पाण्यासारखं हललं. लगेच अँटी स्नेक व्हेनम, म्हणजे विषावरचा उतारा, सलाइनमधून सुरू झाला.

रक्त गोठू लागलं, पण हात कोपरापर्यंत टम्म फुगला होता. याला कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. आतल्या सुजेचा दाब एवढा वाढतो की बोटांकडे रक्तच पोचत नाही. मग कातडी चिरून दाब मोकळा करतात. त्या ऑपरेशनचं नाव फॅशिओटॉमी. आत्याबाईंनी ते निमूट करून घेतलं.

दुसऱ्या आठवड्यात जखम सुधारत होती आणि आत्याबाई बिघडत होत्या. बोटांच्या व्यायामाला मऊ चेंडू दिला होता, तो उशाखाली जाऊन बसला. जेवणाला नको, बोलायला नको, तोंड भिंतीकडे. मी काय काय केलं नाही! सिस्टरच्या हातापाया पडून खिडकीजवळची खाट मिळवली. डॉक्टरांना विचारून ज्वारीची भाकर आणली. डोक्यावर तेल घातलं. शेजारच्या खाटेवर उमरखेडच्या शकीलाबी होत्या, पाय मोडून वजनाला टांगलेला. त्या दिवसभर गमतीजमती सांगायच्या आणि अख्खा वॉर्ड हसायचा. आत्याबाई सोडून.

एका सकाळी शकीलाबींनीच मला जवळ बोलावलं. "बेटी, तुमच्या वावरात अळी पडली का? तुझी सास रात्री पुटपुटत होती, सारा कपास गेला."

मी चाट पडले. झालं असं होतं की घरून येणाऱ्या प्रत्येकाला मीच दम दिला होता, शेताचं, पऱ्हाटीचं म्हणजे कपाशीचं, नाव काढायचं नाही. बोंडं फुटल्याचं कळलं तर ही बाई सलाइनसकट उठून शेताकडे निघेल, हा माझा हिशेब. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तशी माझी गत.

मी आत्याबाईंना विचारलं, तेव्हा त्या पहिल्यांदा तडकून बोलल्या. "चार जनं आले, एकानंही पऱ्हाटीचं नाव नाई काढलं. मागच्या साली बोंडअळीनं खाल्लं तवाही सारे असेच चूप बसले होते. मले समजत नाई का? वेचाले कापूसच नाई, तं बोटं कायले हलवू?"

"आत्याबाई, वावर पांढरं झालंय या वर्षी!"

"माह्यं मन राखून राह्यली तू," म्हणून त्यांनी पुन्हा तोंड फिरवलं.

माझ्या सांगण्याला आता किंमत उरली नव्हती. मी नवऱ्याला फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने तो आला तो जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं अख्खं कपाशीचं झाड घेऊन. सिस्टर ओरडल्या, मग हसल्या आणि म्हणाल्या, "ड्रेसिंगपासून लांब ठेवा, बस."

आत्याबाईंनी आधी डाव्या हाताने एक हिरवं बोंड दाताशी नेऊन फोडलं. आत अळी नव्हती. दुसरं फोडलं. तेही स्वच्छ. मग नवऱ्यावर डाफरल्या, "सीतादही केलं का?"

पहिल्या वेचणीआधी आम्ही पऱ्हाटीला दहीभात वाहतो, त्याला सीतादही म्हणतात. आमच्या घरी ते आत्याबाईंच्याच हातून होतं. नवरा म्हणाला, "तुह्यासाठीच थांबलो, माय."

भात आमच्या ताटातला, दही शकीलाबींच्या वाटीतलं. आत्याबाईंनी डाव्या हाताने ते झाडाला वाहिलं आणि उजवा हात पुढे केला. अंगठा आणि दोन बोटं थरथरत बोंडापाशी गेली आणि निसटली. परत निसटली. कपाळावर घाम आला. तिसऱ्या वेळी बोटं मिटली आणि कापूस बोंडातून बाहेर आला. शकीलाबींनी टाळ्या वाजवल्या, सगळ्या बाया वाजवू लागल्या. आत्याबाईंनी मात्र कापूस निरखून पाहिला आणि वैतागल्या. "कचरा आला यात."

त्या दिवशी मी डॉक्टरांना म्हटलं, "जे सांगायचं ते यांना सांगा." ते स्टूल ओढून बसले आणि आत्याबाईंशीच बोलले. घरी जाताना आत्याबाईंनी चेंडू परत केला. "हा ठेवा दुसऱ्याले. माह्या घरी लय बोंडं हायेत."

डॉक्टरांचे, सिस्टरचे, शकीलाबींचे उपकार फिटायचे नाहीत. तुमचं माणूस खाटेवर असेल तर घरची खबर त्याला सांगत जा. आपण गप्प बसलो की ते वाईटच धरून चालतं.

करंगळी अजून वाकत नाही. तरी यंदा शेवटच्या वेचणीला आत्याबाई माझ्यापुढे अर्धी ओळ होत्या. मी मागे पडले, तशा वळून म्हणाल्या, "काहून वो, तुले कोनती घोनस चावली?"