चक्कीच्या पोटातली वाटी

मला यंत्रातलं फार कळतं असं मी कधी म्हटलं नाही. पण जे कळतं ते ठासून सांगायची खोड माहेरपासूनची, आणि तिच्यामुळेच नाशिकच्या आमच्या मळ्यातली पवनचक्की वाचली.

ती एका गोऱ्या साहेबाने आपल्या बागेसाठी उभारली होती. साहेब विलायतेला परत गेला, मळा माझ्या सासऱ्यांनी घेतला आणि चक्की मळ्याबरोबर आपसूक आली. विहिरीवर लोखंडी मनोरा, वर पत्र्याच्या पात्यांचं मोठं चाक, मागे चाकाचं तोंड वाऱ्याकडे वळवणारं शेपूट. एकोणीसशे तीसच्या आसपास मी लग्न होऊन आले तेव्हा ती गंजून मुकाट उभी होती. मामंजींनी तिच्याकडे कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. त्यांचा सगळा भरवसा बैलांवर आणि विहिरीतल्या मोटेवर.

मी आल्या आल्या वरच्या तुकड्यात भोकरी द्राक्षाच्या वेली लावल्या आणि पांगाऱ्याच्या खांबांवर चढवल्या. ‘सूनबाईंच्या वेली’ असं सारं घर म्हणायचं, कौतुकाने कमी आणि चिडवायला जास्त. तिसऱ्या वर्षी चैत्रात छाटणी उरकली आणि मोटेचा एक बैल लंगडायला लागला. शेजाऱ्यांची जोडी अधूनमधून मिळे, पण ते पाणी गुरांना आणि भाजीलाच पुरत नव्हतं. छाटलेल्या वेलीला पंधरवडाभर पाणी मिळालं नाही तर नवी फूट करपते. मी चक्की दुरुस्त करायचा हट्ट धरला.

हे नाशिक रोडला नोकरीला असत. त्यांनी जुन्या नाशकातले एक मुसलमान मिस्त्री पाठवून दिले. मोठे कसबी गृहस्थ. आठ दिवस मनोऱ्यावर बसून त्यांनी दातेरी चाकांचा गंज रॉकेलने काढला, झिजल्या जागी पितळ बसवलं, वाकलेली पाती ठोकून सरळ केली. मीही कासोटा घट्ट करून वर चढले आणि सगळं समजून घेतलं. वाऱ्याने चाक फिरतं, त्याने एक लांब सळई विहिरीत सोडलेल्या नळीत वरखाली होते, आणि सळईच्या खालच्या टोकाला चामड्याची वाटी असते, ती पाणी वर उचलते. जुनी वाटी कुजली होती. मिस्त्रींनी जोडे शिवणाऱ्याकडून नवी, जाड, कोरी करकरीत वाटी करून आणली.

दुपारी वारा सुटला. चाक असं गरगरलं की बांधावर माणसं गोळा झाली. सळई वरखाली झाली. पाणी मात्र थेंबभर आलं नाही.

“बाई, नळी खाली फुटली असणार,” मिस्त्री म्हणाले. “मुंबईहून नवी मागवावी लागेल. महिना जाईल.”

“महिन्यात माझ्या वेली जळून जातील.”

“मग ऱ्हाऊ द्या,” मामंजी म्हणाले. “लय कवतिक झालं. बुधवारी भंगारवाल्याला बोलावतो. इहीर तरी मोकळी व्हईल.”

मी त्या दिवशी जेवले नाही. राग मामंजींचा नव्हता, स्वतःचा होता. काहीतरी साधंच चुकतंय आणि मला दिसत नाही, असं सारखं वाटत होतं. सकाळी पाहते तर मामंजी ओसरीवर मोटेला करंजीचं तेल चोळत बसलेले.

“मामंजी, कोरडी मोट तशीच विहिरीत सोडली तर?”

“गळंल. चामडं मुरल्याशिवाय पाणी धरतं का कधी?”

“मग चक्कीची वाटी कशाची आहे?”

त्यांचा हात थांबला. मिस्त्री लोखंडातले माणूस. चामड्याचं जाणणारा घरातच बसला होता आणि त्याला कुणी विचारलंच नव्हतं, मीसुद्धा नाही.

मिस्त्रींनी सळई उपसली. वाटी दोन दिवस पाण्यात भिजली. मग मामंजींनी ती स्वतः तेलात मळली. बुधवारी सकाळी ती परत बसवली आणि वाटी ओली राहावी म्हणून नळीत वरून दोन घागरी पाणी ओतलं. आता फक्त वारा हवा होता, आणि पान हलत नव्हतं. मी वर चाकाला तेल घालत होते तेवढ्यात भंगारवाला गाडी घेऊन हजर झाला.

“पाटील, कधी खोलायचा मनोरा?”

मामंजींनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. “मला काय विचारता? चक्की सुनेची हाय. तिला विचारा.”

पाणी येईल की नाही हे तेव्हा त्यांनाही ठाऊक नव्हतं आणि मलाही. मी वरूनच ठणकावून “नाही” म्हणाले. गाडी रिकामी परत गेली.

वारा चारच्या सुमाराला सुटला. नळीतून आधी गंजाचं तांबडं पाणी आलं, मग स्वच्छ. मी धडपडत खाली उतरले तोवर मामंजींनी धोतर खोचून फावडं हातात घेतलं होतं, आणि भाजीचा पाट बुजवून ते पाणी माझ्या वेलींकडे वळवत होते.