बिनधुराची भट्टी

बायडाबाईची खव्याची भट्टी नेवाशाच्या रस्त्याला आहे. नवरा गेल्यावर तिनं ती एकटीनं चालवली. गावातल्या म्हशींचं दूध तिच्याकडं जातं, माझंही. आम्ही दूध बंद केलं तर भट्टी विझली, आणि तिला दुसरा आधार नाही.

यंदा संक्रांतीनंतर तिच्या धुराड्यातनं धूर दिसेनासा झाला. खवा मात्र रोज टेम्पोनं नगरला जात होता. आमच्याकडं खव्याचा अंदाज धुरावरनंच करतात. धूर नाही म्हणजे दूध आटत नाही. मग खवा येतो कुठून? बाहेरनं पावडरीचा आणत असणार, आणि आपलं दूध परस्पर डेअरीला घालत असणार, असं बोललं जाऊ लागलं. देवापुढं दिवा लावतानाही माझ्या मनात तेच घोळायचं.

शेवटी लाकूडवाल्या सहादेवनं सांगितलं, तिनं खंडोबापुढं बेलभंडार उचलून शपथ घ्यावी, नाहीतर सगळ्यांनी दूध बंद करायचं. बायडाबाई तयार झाली नाही.

"चुलीपायी देवाला साक्षीला कशाला वढता? सकाळी या. दूध तुमीच वता, तुमीच बसा."

शपथेला नाही म्हणाली, तिथंच आमचा संशय पक्का झाला.

सकाळी सगळे गेलो. तिनं गवंड्याकडून भट्टी नव्यानं बांधून घेतली होती. तोंड लहान, आणि धुराड्याकडं जाणाऱ्या आचेवर दुसरी कढई, तिच्यात पुढचं दूध आधीच तापत होतं. पूर्वीचं बाभळीचं लाकूड कुठं नव्हतं. कापूस निघाल्यावर आपण बांधावर पेटवून देतो, त्या वाळक्या पऱ्हाट्या जळत होत्या. धूर नावाला.

आमच्यासमोर दूध आटलं. खवा आम्ही तळहातावर चोळून बघितला. तूप सुटलं, पावडरीच्या खव्याला ते सुटत नाही.

"आज केलंस काकू. रोजचं कोन बघतंय?" सहादेव म्हणाला.

आमच्यासारखीच दूध घालणारी भीमाची आई शांतपणे म्हणाली, "तुझं लाकूड घ्यायचं बंद केलं, तवापासनं का रं ही खोटी झाली?"

बायडाबाईनं उलथनं सहादेवच्या हातात दिलं.

"रोज येत जा. नुसता बसू नको, ढवळ."

दोन घरं तरीही डेअरीला गेली. बाकीच्यांचं दूध तिच्याकडंच आहे. मीही रोज कॅन ओतते, आणि ओतता ओतता आत एकदा डोकावतेच.