दत्ताचं रेकॉर्डिंग आणि माझी साफसफाई

दत्ताचा आवाज मी डिलीट केला.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. इतकी वर्षं हे चारचौघांत सांगितलं नव्हतं. आज सांगून टाकतो.

बऱ्याच जणांना दत्ता माहीत नसेल. मूळचा वालूरचा, परभणीत क्लार्क. साधा शर्ट, पायात चप्पल, आणि कानात इंग्लंडचा एक जुना हेवी मेटल बँड.

हसू नका. आम्ही सगळ्यांच्या वाटचं हसून घेतलंय.

दुकानात मिळणारे अल्बम त्याच्याकडं होतेच. पण जीव अडकला होता दुसऱ्याच गोष्टीत. बँडचा कार्यक्रम जगात कुठंही होवो, गर्दीतला कुणीतरी लपवून रेकॉर्डर नेतो आणि सगळं टिपतो. तसल्या रेकॉर्डिंगचा याला नाद.

ती विकायची नसतात. एक द्यायचं, एक घ्यायचं. कुठल्या कुठल्या देशातून पाकिटं यायची. पोस्टमन तिकिटं मागून घ्यायचा.

आणि अशी अदलाबदल करणाऱ्यांचे नियम लय कडक. कव्हरवर गाव, तारीख, कुणी रेकॉर्ड केलं, कितवी कॉपी, सगळं लिहायचं. जे माहीत नाही ते लिहायचं नाही. आणि आवाजाला हात लावायचा नाही. शिट्ट्या, खोकला, शिव्या, सगळं तसंच ठेवायचं.

मी एकदा म्हणालो, त्या गोंधळात तुला ऐकू तरी काय येतं?

"लोकायचा आवाज काढला तर मग दुकानातूनच कॅसेट आणावी की. ह्याच्यात आपण गर्दीत उभं असतो, राजू."

मग तो बँडच बंगळुरूला आला.

दत्तानं आयुष्यात पहिल्यांदा बूट घेतले. रेकॉर्डर मोज्यात लपवायचा होता ना. रेकॉर्डर माझाच, उसना नेलेला.

परत आला तो सरळ माझ्या दुकानात. माझं छोटं रेकॉर्डिंगचं दुकान हाय, भजनी मंडळं आणि रिक्षावर फिरणाऱ्या जाहिराती. सीडी करून ठेव म्हणाला आणि गावी गेला. जशाला तसं उतरव, हेही म्हणाला होता. मी काही बहिरा नव्हतो.

ऐकलं, तर गाण्यांच्या मधे मधे हाच बडबडायलाय. माईकच्या एकदम जवळ. आता कोणतं गाणं झालं, पाय किती दुखायलेत. शेजारच्याला इंग्रजीत समजावून सांगायलाय, वालूर कुठं आहे.

भजनाच्या रेकॉर्डिंगमधून मी आयुष्यभर हेच कापत आलोय. खोकला, रडणारं लेकरू, पडलेलं भांडं. सवयीनं हात चालला. मित्राला सरप्राईज द्यावं म्हणून दोन दिवस बसून सगळं साफ केलं.

दुसऱ्या दिवशी एका मंडळाकडं जायचं होतं म्हणून रेकॉर्डर रिकामा केला. कॉम्प्युटरवर जागा नव्हती म्हणून मूळ फाईलही उडवली.

दत्तानं हेडफोन लावून पाच मिनिटं ऐकलं.

"लोकं कुठं गेली?"

मी छाती फुगवून सांगितलं, साफ केलं म्हणून.

भांडला असता तर बरं झालं असतं. त्यानं पेन मागितलं आणि कव्हरवर लिहिलं. रेकॉर्डिंग: दत्ता, वालूर. साफसफाई: राजू, परभणी. मूळ प्रत: नाही.

पुढं त्याचं लग्न झालं. वर्षभरानं मुलगी झाली. ती सहा महिन्यांची असताना घशाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढावं लागलं. जीव वाचला, आवाज गेला.

मग तो वहीत लिहून बोलायचा.

एकदा दुकानात आला आणि लिहिलं, "ती बंगळुरूची मूळ फाईल कुठं सापडंल का?"

मला वाटलं, अजून गाण्यांचंच खूळ आहे याच्या डोक्यात. नाही म्हणालो. जरा चिडूनच म्हणालो.

त्यानं "बरं" लिहिलं आणि दोन चहा सांगितले.

तो कशासाठी विचारत होता, हे मला कळलंच नाही. इतका मठ्ठ मी.

गेल्या वर्षी आजार उलटला आणि दत्ता गेला.

मागच्या रविवारी वहिनी मुलीला घेऊन दुकानात आल्या. गौरी आता सहावीत आहे. तिला बापाचा आवाज ऐकायचा होता.

लग्नाच्या व्हिडिओत पहिल्यापासून शेवटपर्यंत सिनेमाची गाणी टाकलेली. जुना फोन कधीच गेला. घरात कपाटभर रेकॉर्डिंग, पण सगळी परक्या माणसांची. त्यातून पोरीनं ही एक सीडी हुडकून आणली. कव्हरवर बाबाचं नाव होतं म्हणून.

"काका, साफसफाई म्हंजे तुमी काय केलं?"

मी सांगितलं. काही लपवलं नाही.

मग सीडी लावली. शेवटच्या गाण्यात सगळं मैदान बँडबरोबर गातं. तिथं मला काही कापता आलं नव्हतं. त्यात माईकजवळ एकजण गातोय. बेसूर, घसा फाडून.

वहिनींनी बराच वेळ ऐकलं. "दोनच वर्षं ऐकला हो मी त्यांचा आवाज," म्हणाल्या. "असं वरडताना कधी न्हाई ऐकलं." आणि हेडफोन पोरीकडं दिला.

पोरीनं तो दोन्ही हातांनी कानावर दाबून धरला. मग माझ्याकडं बघितलं.

"हे बाबाच हायेत ना, काका?"

दत्ता असंल. त्याच्या शेजारचा कुणी असंल. एक कॉपी ठेवून घेतली, तेव्हापासून कितीतरी वेळा ऐकलं, तरी कोण ते मला आजही सांगता येत नाही.

मी हो म्हणालो.

तिनं माझ्याच टेबलावरचं पेन घेतलं आणि बापाच्या अक्षराखाली लिहिलं: शेवटच्या गाण्यात बाबा.

दत्ता, माहीत नसलेलं कव्हरवर लिहायचं नाही, हा तुझा नियम. तुझ्या पोरीनं माझ्यासमोर मोडला, आणि मी मोडू दिला.

जमलं तर माफ कर.

जड मनानं श्रद्धांजली, मित्रा.